चुंबकाच्या पोटात स्वस्थ पडणे

१८६१ साली मुंबईत, कुलाब्यास, एक मुलगा जन्मला. आर्थर एडविन केनेली हे त्याचे नाव. पुढे तो अमेरिकेत गेला, एडिसनच्या प्रयोगशाळेत नोकरीस लागला, आणि १९०२ साली त्याने असे सुचवले की, पृथ्वीभोवतीच्या उंच वातावरणात विजेचे वहन करणारा एक थर असावा आणि बिनतारी लहरी त्यावर आपटून खाली परतत असाव्यात. रात्र झाली की आपल्या रेडिओवर दूरदूरची केंद्रे लागू लागतात ती असल्या थरांच्याच कृपेने. तेव्हा श्रोतेहो, नभोवाणीवर केनेलीचे नाव घ्यायला एरवीही हरकत नव्हती. परंतु आज मला त्याची आठवण झाली ती त्या थरामुळे नव्हे. त्याआधी दहा वर्षे, १८९२ साली, त्याने पीटरसन नावाच्या एका मज्जाविकारतज्ज्ञाबरोबर जो प्रयोग केला त्यामुळे झाली.

प्रयोग साधा होता. एडिसनच्या प्रयोगशाळेत मोठाले विद्युत्-चुंबक होते. त्यांच्या क्षेत्रात ह्या दोघांनी एक कुत्रा पाच तास ठेवला. मग एका मुलाला ठेवले. कुत्र्याला काही झाले नाही, मुलालाही काही जाणवले नाही. तेव्हा त्यांनी लिहून टाकले की, आजच्या विज्ञानाला ठाऊक असलेल्या प्रबळ चुंबकांचा मानवी देहावर काहीही जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. त्या काळी चुंबकाने रोग बरे करणाऱ्या भोंदूंचा सुळसुळाट होता, त्यांना हे उत्तर होते. मला मात्र तो मुलगा आठवत राहतो. त्याचे नाव काय, त्याला कुणी विचारले होते काय, हे मी इतिहासाचा अध्यापक असल्यामुळे मनात येते. कारण पुढची सव्वाशे वर्षे हाच प्रयोग, अधिकाधिक मोठ्या चुंबकात, पुन्हा पुन्हा झाला आहे. आणि दर वेळी कुणीतरी माणूस आत गेला आहे.

ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मामांमुळे. मामांना कंपवात आहे. दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यासाठी डॉक्टरांनी डोक्याचा एम.आर.आय. काढायला सांगितला. आम्ही एका तपासणी केंद्रात गेलो. मामांना त्या बोगद्यासारख्या यंत्रात सरकवले, आणि आतून ठोकल्यासारखे आवाज सुरू झाले. थोड्या वेळाने तंत्रज्ञ मुलगा ध्वनिक्षेपकावरून म्हणाला, "आजोबा, हलू नका हां." पुन्हा ठोकाठोक, पुन्हा "आजोबा, हलू नका." तिसऱ्या खेपेस आतून मामांचा आवाज आला, "मी हलत नाही रे बाळा, हात हलतो." चित्रे बिघडली ती बिघडलीच. पुन्हा या म्हणाले, आणि पैसेही पुन्हा पडतील म्हणाले. त्या दिवशी परतताना मामांनी मला विचारले, "एवढं मोठं यंत्र, आणि त्याला माणूस हललेला चालत नाही? का बरं?" मला उत्तर देता आले नाही. आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकीच्या सहकाऱ्यांची डोकी खाऊन, वाचून, जे समजले ते आज सांगतो.

आपल्या शरीरात पाणी फार, आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एक चिमुकले चुंबकच. मोठ्या चुंबकात ठेवले की ही केंद्रके भोवऱ्यासारखी डोलतात, आणि डोलण्याचा वेग चुंबकाच्या बळावर ठरतो : १ टेस्ला बळाला सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा, म्हणजे ४२·६ मेगाहर्ट्झ. ही रेडिओचीच कंप्रता. त्याच कंप्रतेची लहर आत सोडली की केंद्रके ती घेतात आणि मग स्वतःच क्षीण सूर काढतात. चुंबकाचे बळ जागोजागी जरा बदलते ठेवले, तर कुठला सूर कुठून आला ते कळते. एम.आर.आय. म्हणजे देहातल्या पाण्याचे नभोवाणी केंद्रच म्हणा ना. क्ष-किरण येथे नसतात.

टेस्ला म्हणजे केवढे बळ? आपल्या अलिबागच्या वेधशाळेत पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजतात. (पूर्वी हे काम केनेलीच्या कुलाब्यातच चाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ते विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला नेले.) ते क्षेत्र टेस्लाच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतके. इस्पितळातले नेहमीचे यंत्र दीड किंवा तीन टेस्लाचे. आणि सात टेस्ला व त्यावरच्या यंत्रांना ह्या शास्त्रात 'अत्युच्च क्षेत्रा'ची यंत्रे म्हणतात. सात टेस्ला म्हणजे अलिबागच्या दीड लाख पटींहून अधिक.

केंद्रकांचा हा सूर १९४६ साली ब्लॉक आणि पर्सेल ह्या दोघांनी, दोन वेगळ्या विद्यापीठांत, ऐकला. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ब्लॉकच्या प्रयोगशाळेत आपले एस. एस. धर्मट्टी होते. मद्यार्कातल्या हायड्रोजनचे एक नव्हे तर तीन वेगवेगळे सूर निघतात, हे दाखवणाऱ्या १९५१ च्या निबंधावर त्यांचे नाव आहे. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी ह्या विद्येची शाखा उभारली. त्याच १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन ह्यांनी एक गोष्ट केली, ती तर आपल्या आजच्या विषयाचे मूळच. त्यांनी नळीतून द्रव वाहता ठेवून सूर ऐकला आणि पाहिले की वाहत्या द्रवाचा सूर स्थिर द्रवाहून मोठा येतो, कारण थकलेली केंद्रके पुढे जातात आणि ताजी येतात. म्हणजे वस्तू हलली की सूर बदलतो, हे ह्या विद्येच्या पाळण्यातच आपल्या देशात नोंदले गेले. रक्तवाहिन्यांची चित्रे घेण्याच्या काही पद्धती ह्याच तत्त्वावर चालतात. हालचाल ही केवळ शत्रू नव्हे, एवढे आधी सांगून ठेवतो.

आता माणसे आत कशी गेली ते बघू. १९४८ च्या सुमारास पर्सेल आणि त्यांचे मित्र रॅम्झी ह्यांनी हार्वर्डच्या सायक्लोट्रॉनच्या दोन टेस्ला चुंबकात आपली डोकी घालून पाहिली. डोके हलवले की दातांत भरलेल्या धातूमुळे तोंडाला चव येई, एवढेच त्यांना जाणवले. डोके हलवले की, हे महत्त्वाचे. स्थिर चुंबकात वाहक वस्तू हलली की तीत वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा नियम आणि आपले शरीर खारट पाण्याचे असल्याने वाहकच.

१९७७ साली न्यूयॉर्कमध्ये डॅमेडियन ह्यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रात स्वतःच बसून पाहिले. चित्र उमटले नाही. त्यांचा देह त्या यंत्राला जरा जास्तच भरदार होता, असे म्हणतात. मग काही आठवडे त्यांना काही अपाय होत नाही असे पाहून त्यांचा सडपातळ सहकारी मिंकॉफ तयार झाला. हे 'काही आठवडे वाट पाहून' मला फार माणुसकीचे वाटते! ३ जुलै १९७७ रोजी तो चार तास पंचेचाळीस मिनिटे आत बसला, आणि छातीचे एक ओबडधोबड चित्र निघाले. गंमत अशी की, त्या यंत्रात चित्र घेण्यासाठी माणसालाच थोडे थोडे सरकवावे लागे. पहिले चित्र हलवून काढले, आणि पुढची सगळी 'हलू नका' म्हणत.

डिसेंबर १९७८ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला मॅन्सफील्ड ह्यांनी पोटाचे चित्र घेण्यासाठी स्वतःला पुढे केले. झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने हृदयाचा ठोका बिघडू शकेल, असा इशारा त्यांना मिळालेला होता. त्यांनी आपले गणित करून पाहिले, ते सुरक्षित वाटले, आणि ते आत गेले. हृदयाला काही झाले नाही. २००३ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि लॉटर्बर ह्यांना मिळाले. पण इशारा देणारे अगदीच चुकीचे होते असे नाही. १९९० साली बदलत्या क्षेत्राने माणसांच्या मज्जातंतूंना झिणझिण्या येतात, हे दाखवले गेले. क्षेत्र किती वेगाने बदलावे ह्याच्या मर्यादा आज यंत्रांना घातलेल्या असतात.

१९८० च्या सुमारास एक मत असे होते की, सुमारे १० मेगाहर्ट्झच्या पुढे, म्हणजे पाव टेस्लाच्याही अलीकडे, लहर देहात नीट शिरणारच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर लघुलहरींच्या पलीकडे जाऊ नका. त्याच वर्षी ॲबर्डीनला पहिल्या रुग्णांची चित्रे निघाली ती ०·०४ टेस्लावर. पण लौकरच अमेरिकेत दीड टेस्लाचे यंत्र झाले आणि चित्रे सुरेख आली. मत मागे पडले. बळ वाढवले की सूर मोठा, सूर मोठा की चित्र बारीक, मग कोण थांबतो? १९८० च्या दशकाच्या अखेरीस चार टेस्ला झाले. १९९० साली ओगावा ह्यांनी रक्तातल्या प्राणवायूवरून मेंदूचे काम ओळखता येते हे दाखवले, आणि १९९२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या चार टेस्ला यंत्रात ते माणसावर पडताळले. तेथून मेंदूच्या अभ्यासकांना मोठ्या चुंबकाची भूक लागली. १९९८ साली ओहायोला आठ, १९९९ मध्ये मिनेसोटाला सात, पुढे शिकागोला ९·४.

चार टेस्लावर मात्र माणसे बोलू लागली. १९९२ साली शेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या यंत्रात गेलेल्यांना पद्धतशीर विचारले. घेरी, मळमळ, तोंडाला धातूची चव, आणि डोळे झटकन हलवले तर अंधारात उजेडाचे चमकारे. पर्सेलच्या दातांची गोष्ट येथे पुन्हा आली. तेव्हापासून पलंग सावकाश आत सरकवण्याची आणि आत-बाहेर करताना डोके हलवू नये असे सांगण्याची पद्धत पडली. हललात तर वीज, वीज म्हणून घेरी, असे सर्वांनी धरून चालले. पटण्यासारखे होते.

आणि ते पुरते खरे नव्हते. २०११ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट्स, झी आणि त्यांच्या मंडळींनी माणसांना सात टेस्लाच्या यंत्रात अंधारात स्वस्थ पडायला सांगितले आणि अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने त्यांचे डोळे पाहिले. गरगर फिरून थांबल्यावर जसे डोळे एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत राहतात, तसे त्यांचे डोळे होत होते. माणूस जरासुद्धा हलत नव्हता. पायाकडून आत घातला तर डोळ्यांची दिशा उलटे. ज्यांच्या आतल्या कानातील तोल राखणारी यंत्रणा निकामी झाली होती, त्यांचे डोळे शांत. ह्याचा अर्थ असा की, कानातल्या द्रवातून विजेचे सूक्ष्म प्रवाह सततच वाहत असतात, त्यांच्यावर चुंबकाचा रेटा बसतो, द्रव ढकलला जातो, आणि मेंदूला वाटते आपण फिरतो आहोत. एकशेएकोणीस वर्षांपूर्वी केनेलीने काही परिणाम नाही म्हणून लिहिले होते. त्याच्या चुंबकापुरते ते बरोबर होते. अपाय आणि परिणाम ह्यांत फरक आहे, आणि ह्या घेरीने कायमचा अपाय झाल्याचे दिसलेले नाही. पण ज्या अभ्यासकांनी असल्या यंत्रात 'विश्रांत' मेंदूची चित्रे काढली, त्यांना आता विचार करणे भाग आहे की, तो मेंदू खरोखर विश्रांत होता काय.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. माणूस हलला की सगळे चित्र का बिघडावे? छायाचित्रात हात हलला तर हातच पुसट येतो, चेहरा ठीक असतो. येथे तसे नाही. हे यंत्र चित्र ठिपक्या-ठिपक्याने घेत नाही. दर खेपेस ते सबंध डोक्याचा एक सूर घेते, असे शेकडो सूर जमवते, आणि शेवटी गणिताने सगळ्यांचे मिळून चित्र करते. जात्यात एक खडा गेला तर तो एका भाकरीत सापडत नाही, सगळ्या पिठाला कचकच येते. तसेच हे. एका क्षणाची हालचाल साऱ्या चित्रात पसरते. नियमाने होणारी हालचाल असेल, श्वासासारखी, तर मूळ आकृतीच्या बाजूला तिच्या फिकट प्रती उमटतात. शास्त्रज्ञ त्यांना भुतेच म्हणतात. सिअॅटलच्या एका इस्पितळाने २०१५ साली हिशेब प्रसिद्ध केला : पाचांतल्या जवळजवळ एका तपासणीत काही भाग हालचालीपायी पुन्हा घ्यावा लागला, आणि एका यंत्रामागे वर्षाला अंदाजे एक लाख पंधरा हजार डॉलर बुडाले. आमचे मामा एकटे नव्हते तर!

पहिले उपाय सोपे होते. उशा, पट्टे, श्वास रोखा. मुलांना भूल. (जुन्या फोटो-स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार देत, त्याचीच ही आवृत्ती, फक्त लोखंड वर्ज्य.) १९८९ मध्ये एहमन आणि फेल्मली ह्यांनी मधूनमधून एक छोटा, वाट दाखवणारा सूर घेऊन अवयव किती सरकला ते मोजण्याची युक्ती काढली. तिला नौकानयनावरून नाव पडले. १९९९ साली पाइप ह्यांनी सूर पवनचक्कीच्या पात्यांसारखे गोळा करण्याची रीत सांगितली. प्रत्येक पाते मधोमध जाते, म्हणून दोन पात्यांच्या दरम्यान डोके किती फिरले ते ताडता येते, आणि फारच बिघडलेले पाते टाकून देता येते. ही रीत इस्पितळांतल्या नेहमीच्या यंत्रांतही आली.

पण हे सारे झाल्यावरचे शिवणकाम. डोके फिरले तर यंत्रानेच त्याच्याबरोबर फिरावे, ही दुसरी दिशा. २००६ साली फ्रायबुर्कला झायत्सेव्ह ह्यांनी बाहेरच्या कॅमेऱ्यांनी डोक्याचा मागोवा घेतला आणि त्याबरहुकूम चित्राचा पट क्षणोक्षणी वळवला. धावत्या मुलाच्या मागे छायाचित्रकार कॅमेरा फिरवतो ना, तसे. अत्युच्च क्षेत्रात ह्याची निकड अधिक. दीड टेस्लाला चित्राचा कण एक मिलिमीटरचा असेल, तर सात टेस्लाला अर्ध्याहून लहान, आणि कितीही शहाणा माणूस पडून राहिला तरी श्वासागणिक त्याचे डोके मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे हलतेच. यंत्राचे डोळे एवढे तीक्ष्ण झाले की माणसाचे जिवंत असणेच त्याला दिसू लागले. जर्मनीत माग्देबुर्गच्या सात टेस्ला यंत्रात श्पेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या दातांच्या मापाची पट्टी करवून तिला एक लहानशी खूण बसवली. कॅमेरा ती सेकंदाला ऐंशी वेळा पाही आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात हालचाल मोजी. दात का? कपाळाची कातडी हाडावर सरकते, दात सरकत नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी एका निरोगी माणसाच्या सबंध मेंदूचे पाव मिलिमीटर कणांचे चित्र सर्वांना खुले केले. झुरिचला खुणेऐवजी डोक्यावरच चिमुकले चुंबकमापक बसवले, लोझानला कवटीभोवतीच्या चरबीचे झटपट चित्र घेऊन तिच्यावरून डोके कुठे आहे ते ओळखले.

आणखी एक अडचण २००२ साली मिनेसोटात लक्षात आली. डोके अगदी घट्ट धरले, तरी छाती वरखाली होताना फुप्फुसांतल्या हवेमुळे डोक्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते. सात टेस्लाला हा बदल चित्र हलवण्याइतका असतो. म्हणजे माणूस स्थिर आणि क्षेत्र हलते! त्यासाठी क्षेत्रही क्षणोक्षणी मोजून सुधारावे लागते.

येथवर हालचाल ही चित्रापुरती बाब होती. आता ती जिवाशी कशी भिडते ते सांगतो, आणि माझ्या मते साऱ्या कहाणीचे मर्म हेच. सात टेस्लाला लहर सुमारे ३०० मेगाहर्ट्झची. मेंदूत शिरल्यावर तिची लांबी बारा-तेरा सेंटिमीटर उरते, म्हणजे डोक्याहून कमी. मग तळ्यात दोन दगड टाकल्यावर लाटा कुठे वाढतात, कुठे विरतात, तसे डोक्यात होते. मध्ये उजेड, कानशिलांकडे अंधार. १९८० च्या आसपासची भीती अगदी निराधार नव्हती, तिचे दिवस उशिरा आले एवढेच. ह्यावर उपाय म्हणून डोक्याभोवती आठ किंवा अधिक प्रक्षेपक बसवून प्रत्येकाची लहर वेगळी साधतात. ह्या कल्पना २००३-०४ साली पुढे आल्या. पण लहरींची ऊर्जा देहात उष्णता होते. नियमाप्रमाणे डोक्याला किलोग्रॅममागे सरासरी ३·२ वॅटच्या वर ती जाता कामा नये. अनेक प्रक्षेपक असले की सरासरी मर्यादेत राहूनही एखाद्या ठिकाणी लहरी जुळून येतात आणि तो ठिपका अधिक तापतो. जिवंत मेंदूत तापमापक घालता येत नाही. म्हणून संगणकात रचलेल्या देहांवर गणित करतात. झुरिचच्या संस्थेने केलेल्या अशा देहांत एकाचे नाव ड्यूक, एकीचे एला. फार गुणी माणसे. ती कधीही हलत नाहीत.

खरी माणसे हलतात. २०२० साली कार्डिफचे कोपानोग्लू आणि सहकाऱ्यांनी संगणकातले डोकेच सरकवून, वळवून पाहिले. आठ प्रक्षेपकांच्या रचनेत डोके जागेवरून हलले की एखाद्या ठिकाणची उष्णता-ऊर्जा तिपटीपर्यंत जाऊ शकते, असे निघाले. यंत्रे गणितावर आधीच मोठी सूट ठेवून चालतात, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण त्या सुटीमुळेच यंत्राचे बरेचसे सामर्थ्य वाया जाते. तेव्हा डोक्याचा मागोवा घेणारे आणि उष्णतेचा हिशेब करणारे ही दोन मंडळे, जी आपापल्या परिषदांत वेगवेगळी बसत, त्यांना एका बाकावर यावे लागले. कोण कुठे हलला हे कळल्याखेरीज तो सुरक्षित आहे काय, हे अचूक सांगता येत नाही.

सुरक्षिततेची गोष्ट काढली आणि एका प्रसंगाविषयी मूक राहिलो तर बरे दिसणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात रुग्णाबरोबर आलेला एक तरुण प्राणवायूची नळकांडी घेऊन एम.आर.आय.च्या खोलीत शिरला. चुंबकाने नळकांडी आणि तिच्यासह त्याला खेचले, आणि त्यात तो गेला. यंत्र बंद आहे असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे नातेवाइकांचे म्हणणे होते. तेथे सात टेस्ला नव्हते, नेहमीचेच यंत्र होते. ह्या यंत्रांचे चुंबक अतिसंवाहक तारांचे असतात. एकदा वीज भरली की अतिशीत हीलियममध्ये ती फिरत राहते, रात्री, सुटीच्या दिवशी, दिवे गेले तरीही. आवाज थांबला म्हणजे चित्र घेणे थांबले. चुंबक चालूच असतो. न्यूयॉर्कजवळ २००१ साली अशाच नळकांडीने सहा वर्षांचा मुलगा दगावला होता. सतरा वर्षांत ही साधी बाब खोलीच्या दारापर्यंत पोहोचली नव्हती. बारा-तेरा सेंटिमीटरच्या लहरींचे गणित करणाऱ्या विद्येची ही दुसरी बाजू, आणि मला ती अधिक बोचते.

२००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ टेस्लापर्यंत, एक महिन्याहून मोठ्या माणसांना, लक्षणीय धोका नाही असे ठरवले. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने पहिल्या सात टेस्ला यंत्राला रुग्णांसाठी परवानगी दिली, ती डोके आणि हातपाय ह्यांपुरती आणि सुमारे तीस किलोग्रॅमहून अधिक वजनाच्यांसाठी. मिनेसोटाने ११० टनांचा १०·५ टेस्ला चुंबक उभारून त्यात माणसांची चित्रे घेतली. आणि फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले येथे इझ्यूल्ट नावाचा चुंबक आहे : ११·७ टेस्ला, १३२ टन, पाच मीटर लांब, १८२ किलोमीटर अतिसंवाहक तार, आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या १·८ अंश वर. तो २०१७ मध्ये संस्थेत पोहोचला, जुलै २०१९ मध्ये पूर्ण बळाला आला, आणि २०२१ मध्ये त्यात पहिले चित्र काढले ते भोपळ्याचे. केनेलीच्या कुत्र्याच्या जागी भोपळा आला, ही प्रगतीच म्हणायची. भोपळा हलत नाही, तक्रार करत नाही. त्यानंतर परवानगी घेऊन वीस निरोगी स्वयंसेवक आत गेले. त्यांचा रक्तदाब, तोल, आकलन, रक्तपेशींतील गुणसूत्रे हे सारे तपासले, आणि अपाय आढळला नाही. २०२४ मध्ये चित्रे प्रसिद्ध झाली : एक मिलिमीटर जाडीच्या थरात ०·२ मिलिमीटर बारकावा, सुमारे चार मिनिटांत. चार मिनिटे! मिंकॉफचे पावणेपाच तास आठवा. कमी वेळ हाच हालचालीवरचा सर्वांत जुना आणि अजूनही चांगला उपाय.

हे सगळे मी मामांना सांगितले. त्यांनी एकच विचारले, "त्या वीस जणांत थरथरणारा कुणी होता का?" निरोगीच निवडले होते, असे मी म्हणालो. कंपवातात मेंदूतल्या ज्या इवल्याशा काळसर भागातल्या पेशी झडतात, तो भाग सात टेस्लाच्या यंत्रात स्वच्छ दिसतो. नॉटिंगहॅमच्या मंडळींनी २०१३ मध्ये तो निरोगी माणसांत आणि कंपवाताच्या रुग्णांत वेगळा दिसतो हे दाखवले. म्हणजे ज्या यंत्राला मामांचे दुखणे सर्वांत स्पष्ट दिसावे, त्यालाच त्यांचे थरथरणे सर्वांत कमी खपणार. मामा काही बोलले नाहीत. उजव्या हातावर डावा हात ठेवून बसून राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांची तपासणी पुन्हा आहे, दुसऱ्या केंद्रात, नेहमीच्याच यंत्रावर. मी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. खिशातली किल्ली, चष्मा आणि कानातले यंत्र बाहेर काढायचे. औषधाचा परिणाम ज्या वेळी चांगला असतो, म्हणजे सकाळी दहाच्या सुमारास, ती वेळ मागून घ्यायची. आणि तंत्रज्ञाला विचारायचे की, पवनचक्कीच्या पात्यांची ती रीत तुमच्या यंत्रात आहे का.